शॉवरचा कोपरा आखताना उंबरा का घालू नये

तुमचा प्रश्न असा आहे की, ५ बाय ८ फुटांच्या जुन्या बाथरूमचे नूतनीकरण करताना शॉवरसाठी स्वतंत्र कोपरा करायचा असेल, तर काचेचे बंद केबिन घ्यावे की एकच उभी काच पुरेल, आणि शॉवर कोणता घ्यावा. काच आणि शॉवर यांविषयी मी पुढे लिहितो. परंतु तुम्ही जाता जाता असेही लिहिले आहे की, मिस्त्रीने चार इंचांचा ग्रॅनाइटचा उंबरा घालायला सांगितले आहे आणि घरात सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई आहेत. ते वाचल्यावर मला उत्तर लिहिल्यावाचून राहवले नाही. तो उंबरा घालू नका.

नागपुरात प्रतापनगरला आमचे जुने घर आहे. २०१९ च्या दिवाळीआधी आम्ही तळमजल्यावरची बाथरूम नव्याने करून घेतली. काम थोरल्या भावाने, म्हणजे दादाने, अंगावर घेतले होते. त्याने आवडीने दोन बाय चार फुटांच्या मोठ्या टाइल्स आणल्या आणि शॉवरच्या कोपऱ्याला काचेचे दार लावायचे ठरवले. फरशी बसवून झाल्यावर मी पुतणीची एक गोटी शॉवरच्या जागी ठेवून पाहिली, तर ती जागची हलली नाही. पाणी जाळीकडे जाणार कसे, असे मी मिस्त्रीला विचारले. त्यावर, उंबरा घातला की पाण्याचा प्रश्नच राहत नाही, असे त्याने सांगितले आणि त्याच दिवशी फरशीवर ग्रॅनाइटची चार इंच उंचीची पट्टी उभी चिकटवली. मी उतार पुन्हा करायला लावू म्हणालो, तेव्हा दादा म्हणाला, "तू ऑफिसात बसून फरशीकाम शिकवू नकोस." पाहुणे यायचे होते, पैसे देऊन झाले होते, आणि मी गप्प बसलो. त्या गप्प बसण्याचे मला आजही वाईट वाटते.

२०२१ च्या जानेवारीतली गोष्ट. नागपूरच्या थंडीत आई सकाळी सातला कढत पाण्याने आंघोळ करी. काचेवर वाफ धरलेली, चष्मा बाहेर कपाटावर ठेवलेला. तिने उजवा पाय उंबऱ्याबाहेर टाकला आणि डावी टाच ग्रॅनाइटच्या कडेला अडली. आधारासाठी तिने काचेच्या दाराची मूठ धरली, पण दार बाहेरच्या बाजूला उघडणारे असल्यामुळे तेच तिच्याबरोबर फिरले. दुसऱ्या हाताने तिने टॉवेलचा रॉड पकडला, तर तो स्क्रू आणि गिट्ट्यांसकट भिंतीतून उपटून आला. मी धावत गेलो तेव्हा रॉड तिच्या मुठीत तसाच होता. खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली आणि तेव्हापासून ती वॉकर घेऊन चालते.

दादाचे म्हणणे असे की, आईने पाय नीट उचलायला हवा होता. हे म्हणणे मला कधीच पटले नाही आणि पटणारही नाही. दिवसातून एकदाच आंघोळ धरली, तरी आत जाताना एकदा आणि बाहेर येताना एकदा, म्हणजे वर्षाला ७३० वेळा तो उंबरा ओलांडावा लागतो, आणि त्यातला निम्मा वेळ पाय ओले असतात. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईचा त्यांपैकी एकच पाय चुकला. चूक पायाची नव्हती. तिथे उंबरा असायलाच नको होता.

बहुतेक ठिकाणी हा उंबरा उताराचे काम टाळण्यासाठीच घातला जातो. शॉवरखालच्या जमिनीला १ मीटरमागे साधारण १२ मिलिमीटर उतार हवा. तीन फुटांच्या कोपऱ्यात तो जेमतेम ११ मिलिमीटर भरतो. एवढा उतार नीट निघाला आणि बाहेरची जमीनही किंचित शॉवरकडेच उतरती ठेवली, तर पाणी अडवायला काहीच लागत नाही. अडचण येते ती मोठ्या टाइलमुळे. जाळी मधोमध असेल, तर चारही बाजूंनी तिच्याकडे उतार द्यावा लागतो, आणि एक सपाट मोठी टाइल चार दिशांना वाकू शकत नाही. ती तिरपी कापून चार तुकड्यांत बसवण्याची मेहनत टाळली की जमीन सपाट राहते. म्हणून एकतर शॉवरपुरत्या लहान, खरखरीत टाइल्स घ्या, किंवा लिनिअर ड्रेन, म्हणजे भिंतीलगत बसणारी लांब जाळी, घ्या. तिच्यामुळे सगळी जमीन एकाच दिशेने उतरती करता येते आणि मोठी टाइलही चालते.

आईला घरी आणल्यानंतर मार्चमध्ये आम्ही ती फरशी फोडली. उंबरा नुसता टाइलवर चिकटवलेला असल्यामुळे पाणी सांध्यातून त्याच्या खाली उतरले होते. खालचा कोबा काळा पडला होता, हातात घेतला तर ओल्या मातीसारखा दबत होता, आणि ओल दाराच्या चौकटीपर्यंत पोचली होती. म्हणजे ज्या पाण्यासाठी उंबरा घातला, ते पाणीही त्याने अडवले नव्हते. या वेळी वॉटरप्रूफिंगचा थर संपूर्ण बाथरूमला दिला. तो कडेच्या भिंतींवर एक फूट आणि शॉवरच्या भिंतींवर सहा फूट चढवला. टाइल लावण्याआधी जाळीचे तोंड बंद करून ४८ तास पाणी भरून ठेवले आणि पाण्याच्या पातळीवर भिंतीला पेन्सिलने रेघ मारली. दोन्ही दिवस संध्याकाळी दादा स्वतः टॉर्च घेऊन ती रेघ पाहून आला. आमच्यात त्यावर बोलणे झाले नाही. तुमच्याकडे मिस्त्री या दोन दिवसांसाठी कुरकुर करील, तरी ते सोडू नका.

आता काचेविषयी. ५ बाय ८ मध्ये बंद केबिन घेऊ नका. दारासमोरच्या टोकाला पाच फुटांच्या पूर्ण रुंदीत शॉवरसाठी तीन फूट खोली राखा आणि अडीच फुटांची एकच स्थिर काच लावा. बाजूला अडीच फुटांची वाट उरते, दार लागतच नाही, आणि उद्या कोणाला धरून आत न्यावे लागले तर दुसऱ्या माणसालाही सोबत जाता येते. काच टफन्ड, म्हणजे भट्टीत तापवून मजबूत केलेली, आणि ८ किंवा १० मिलिमीटर जाडीची घ्या. अशी काच भट्टीतून निघाल्यावर तिला भोक पाडता येत नाही की ती कापता येत नाही, त्यामुळे माप टाइल लागल्यानंतरच द्या. बोअरचे पाणी वापरत असाल, तर क्षारांचे पांढरे डाग पडतात, म्हणून आंघोळीनंतर काच वायपरने निपटण्याची सवय लावावी लागेल.

छतावरून पडणाऱ्या मोठ्या शॉवरचा मोह तुम्हाला झालेला दिसतो. टाकीतल्या पाण्याच्या १ मीटर उंचीमागे दाब फक्त ०.१ बार मिळतो. टाकी तुमच्याच स्लॅबवर असेल, तर शॉवरच्या वर जेमतेम दीड मीटर पाणी असते आणि तेवढ्यावर मोठा शॉवर नुसता ठिबकतो. प्रेशर पंप लावायचा नसेल, तर दांडीवर वरखाली सरकणारा हँड शॉवर घ्या, जो बसून आंघोळ करणाऱ्यालाही वापरता येतो. त्याच्या खाली बादलीचा नळ हवाच. दादाने तो काढून टाकला होता आणि मी पुन्हा बसवून घेतला. मे महिन्यात दुपारी आपल्याकडे टाकीचे पाणी इतके तापते की मिक्सर थंडाकडे फिरवला तरी गरमच येते. सकाळीच बादली भरून ठेवणे, हा त्यावरचा सोपा उपाय आहे.

आधाराचा दांडा टाइल लागण्यापूर्वीच ठरवा. सासूबाईंना त्या जागी उभे करा, हात सहज जिथे टेकेल तिथे भिंतीवर खूण करा आणि तिथे स्टीलचा दांडा विटेच्या भिंतीत अँकर फास्टनरने, म्हणजे भिंतीत फुलून घट्ट बसणाऱ्या बोल्टने, पक्का करा. त्यावर स्वतः पूर्ण वजन टाकून पाहा. टॉवेलचा रॉड हा आधार नव्हे, आणि काचेची मूठ तर नव्हेच.

एक गोष्ट आधी सांगायला हवी होती. आमची बाथरूम तळमजल्यावर होती, त्यामुळे जमीन हवी तेवढी खोदता आली. तुमची वरच्या मजल्यावर असेल आणि स्लॅब खोलगट नसून सपाट असेल, तर ट्रॅप, म्हणजे जाळीखालचा पाणी साचवून वास अडवणारा भाग, आणि उतार बसवायला जागा अपुरी पडू शकते. अशा वेळी संपूर्ण बाथरूमची जमीन थोडी उचलून दारापाशी हलका चढ करावा, म्हणजे शॉवरपाशी पायरी राहत नाही. ट्रॅपमध्ये ५० मिलिमीटर पाणी साचून राहिले पाहिजे, नाहीतर गटाराचा वास येतो. मिस्त्री जागा वाचवायला नेमका तिथेच हात आखडता घेतो. स्लॅब कसा आहे आणि सांडपाण्याचा पाइप कोणत्या भिंतीला आहे, हे कळवलेत तर जाळी कुठे घ्यावी ते सांगता येईल.