जुन्या कोर्टाचे फोटो काढायचेत? सुरुवात अशी करा

भाऊ, आपल्या वऱ्हाडातल्या जुन्या कोर्टांचे फोटो काढायचेत, त्यासाठी नवा कॅमेरा, लेन्स घेऊ का, असं विचारलंत. विषय झकास निवडलात! १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांकडे गेलं. त्यानंतरच्या जुन्या कचेऱ्या तालुक्याच्या गावी अजून दिसतात. नवा कॅमेरा सध्या घेऊ नका, मोबाईल पुरे.

- आधी कोर्टाच्या ऑफिसात अर्ज देऊन लेखी परवानगी घ्या. जायचं रविवारी, पक्षकार, आरोपी फोटोत नकोतच.
- नवखे हमखास भिंतीजवळून कॅमेरा वर करतात, मग इमारत मागे झुकलेली दिसते. मागे सरका, मोबाईल सरळ धरा.
- पूर्वेकडे तोंड असेल तर सकाळीच. आपल्या उन्हाळ्यात नंतर भिंती पांढऱ्याफटक येतात.

आणि व्हरांडा सोडू नका! कौलांखालची सागवानी तुळई, कमानीतले दगडाचे सांधे, पायऱ्यांची झीज, खरी मजा तिथेच आहे. लेन्सचं नंतर बघू. पहिले फोटो नक्की दाखवा.