मुलांच्या नावावर ठेवायला काही नाही. प्रेम आणि संस्कार हा खरंच वारसा असतो, की मनाची समजूत?

तुम्ही लिहिलंय की पन्नाशी उलटली, घर नाही, शिल्लक बेताची, मुलं विशीत आहेत, आणि ‘संस्कार हीच खरी संपत्ती’ हे वाक्य ऐकून आता वैताग येतो. वैताग रास्त आहे. हे वाक्य बऱ्याचदा भरल्या घरातले लोकच म्हणतात. आजारपणात किंवा शिक्षणात पैशावाचून अडतं, तिथे चांगला स्वभाव बिल भरत नाही. तरीही माझं उत्तर ‘हो, असतो’ असंच आहे.

दुसऱ्या महायुद्धात स्वतःचा जीव धोक्यात घालून ज्यूंना वाचवणाऱ्या चारशेहून अधिक लोकांशी सॅम्युएल आणि पर्ल ऑलिनर या दांपत्याने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बोलून पाहिलं. सॅम्युएल स्वतः पोलंडमध्ये लहानपणी असाच वाचलेला. ओळखीतल्या एका शेतकरी बाईने त्याला आधार दिला होता. १९८८ साली त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मदत न केलेल्यांशी तुलना केली तेव्हा वाचवणाऱ्यांच्या बालपणात एक फरक ठळक दिसला: त्यांचे आईवडील मारापेक्षा समजावण्यावर भर देत. काय चुकलं, त्यामुळे कोणाला त्रास झाला, तो कसा भरून काढायचा, हे बोललं जाई. (चाळीसेक वर्षांनंतरच्या आठवणी आहेत, तेवढी सूट ठेवूनच वाचायचं.)

मला हे पटतं, कारण माझ्या वडिलांची तीच सवय होती. कोणाला नकार दिला की तो का दिला, हे ते आम्हाला सांगत. तेव्हा कंटाळा यायचा. आज एखादा निर्णय घेताना मी नकळत त्यांच्यासारखी कारणं मांडतो, आणि कारण लंगडं असलं की ते माझं मलाच ऐकू येतं. त्यांनी ठेवलेले पैसे केव्हाच संपले.

उपदेशाचं मात्र फारसं खरं नाही. बाराव्या शतकात यहुदा इब्न तिब्बोन या वैद्याने आणि भाषांतरकाराने आपल्या मुलाला, सॅम्युएलला, एक लांबलचक पत्र लिहिलं. निम्मं पत्र तक्रारींचं: तू अभ्यास करत नाहीस, माझं ऐकत नाहीस. वाचताना हसू येतं, आजचाच बाप वाटतो. पण त्याच पत्रात तो सांगतो की तुला कोणाकडे पुस्तकं मागायला लागू नयेत म्हणून मी एवढा संग्रह केला. त्यांना ओल आणि उंदीर लागू देऊ नकोस, उसनी दिलीस तर नोंद ठेव. पुढे हाच मुलगा मोठा भाषांतरकार झाला. माझा अंदाज असा की कामी आल्या असतील त्या तक्रारी नव्हेत, तर रोज भाषांतराला बसणारा बाप आणि ती पुस्तकं. म्हणजे वस्तू एका बाजूला आणि प्रेम दुसऱ्या बाजूला, अशी वाटणीच मला मान्य नाही.

‘मुलं विशीत आहेत, आता उशीर झाला’ असं तुम्ही म्हणता. विशीतली मुलं आईबापांचं ऐकत नसतील, पण बघत असतात. तुम्ही म्हातारपण कसं सोसता, परावलंबी झाल्यावर काळजी घेणाऱ्याशी कसं बोलता, चूक झाली तर लेकराची माफी मागता का, हे सगळं त्यांना अजून बघायचंय.

आणि एक रुक्ष काम. जे काही थोडंफार आहे त्याचं मृत्युपत्र करा. देणी किती, कागद कुठे, कोणती वस्तू कोणाला, हे स्पष्ट लिहा आणि मुलांना एकत्र बसवून त्यामागचं कारण तोंडाने सांगा. भावंडं थोडक्या गोष्टींवरूनही तुटतात, आणि बहुतेकदा दुखणं किमतीचं नसतं. ‘मला का नाही दिलं’ हे विचारायला माणूस उरलेलं नसतं, त्याचं असतं.