वहीची मागची पानं

दिवाळीच्या साफसफाईत यंदा बऱ्याच घरांचे माळे रिकामे झालेले दिसतात. या महिन्याच्या टपालात जुन्या चित्रांबद्दलची पत्रं इतकी आहेत की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलते.

प्रश्न : ताई, आईचं घर आवरताना माझी जुनी फाइल निघाली. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या ग्रेड परीक्षांसाठी केलेली सरावाची चित्रं. तिच्याखाली शाळेच्या वह्या, मागच्या पानांवर काहीबाही खरडलेल्या. मी आता अ‍ॅनिमेशनमध्ये आहे. बरोबरीचे चित्रकार ‘तेव्हा आणि आता’ अशी दोन चित्रं शेजारी लावून दाखवतात. माझं ‘तेव्हा’ म्हणजे दोन डोंगर, मधे सूर्य. बघून लाजच वाटते. यात ठेवण्यासारखं काय असतं? (वय ४४, पुणे)

उत्तर : आधी फाइल बाजूला ठेवा आणि वह्या उघडा.

फाइलमधली चित्रं तुमच्या हातची असली, तरी त्यांत बोलतात ते तुमचे चित्रकलेचे सर. ग्रेड परीक्षेचं स्मरणचित्र आठवा. विषय बाजाराचा असो, बसथांब्याचा असो की सार्वजनिक नळाचा, माणसं तीच. कमरेवर घागर घेतलेली बाई, छत्रीवाले आजोबा, एक पाठमोरा मुलगा. सरांनी फळ्यावर काढून दिलेली ही मंडळी आम्ही पाठ करून न्यायचो आणि विषय बघून कागदावर पेरायचो. पुढे मी शालेय चित्रस्पर्धांना परीक्षक म्हणून जायला लागले, तेव्हा गठ्ठ्यातले कुठले कागद एका शाळेचे हे नाव न वाचता कळायचं. सगळ्या घागरी एकाच बाजूला कललेल्या! संकल्पचित्राचीही तीच गत. वर्तुळाचे सहा भाग, एका भागात फूल-पान-कळी, ती ट्रेसिंगने बाकीच्या भागांत उतरवायची, मग पोस्टर कलर असा सपाट भरायचा की ब्रशचा फटकारा दिसता कामा नये. मी याला नावं ठेवत नाही. त्या सपाट रंगाच्या सवयीने मला पुढे पोटापाण्याचं काम मिळवून दिलं. पण स्वतःला शोधायला त्या फाइलीत गेलात तर हाती फार लागणार नाही.

डोंगरांची लाज तर सोडूनच द्या. मी सांगलीत वाढले. कृष्णा घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, तिचा घाट, नावा, धुणं धुणाऱ्या बायका, सगळं रोजच्या बघण्यातलं. आणि मी नदी काढायची ती दोन त्रिकोणी डोंगरांच्या फटीतून निघणारी, काठावर नारळाचं झाड! सांगलीत नारळ होते का, डोंगर कुठे होते, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. ते चित्र मुलं एकमेकांकडून शिकतात, पाढ्यांसारखं.

आता वह्या. माझ्या भूगोलाच्या वहीच्या मागच्या पानांवर शिवणयंत्रं आहेत. आई घरी ब्लाउज शिवायची. मी तिच्या पायाशी बसून अभ्यास करायची, म्हणजे करत नसायची. चाक, पट्टा, पायाखालची लोखंडी जाळी, रिळाची दांडी, हे पानामागून पान. एका चित्रात मशीनचे चारही पाय चार दिशांना पसरलेत आणि बंद ड्रॉवरच्या आतली बॉबिन बाहेरून दिसते आहे. मूल डोळ्यांना दिसतं ते काढत नाही, त्याला ठाऊक असतं ते काढतं, असं लुके नावाच्या फ्रेंच अभ्यासकाने १९२७ सालीच पुस्तक लिहून मांडलं. ड्रॉवरमध्ये बॉबिन आहे हे मला ठाऊक होतं, मग ती न काढून कसं चालेल? मी पुढे निसर्गचित्रकार झाले नाही. विज्ञानाच्या पुस्तकांतल्या आकृत्या काढणारी झाले. पंप, विजेची घंटा, डोळ्याचा उभा छेद. बंद वस्तूच्या आत काय आहे ते बाहेरून दाखवायचं काम. माझ्या फाइलीतल्या ‘अ’ श्रेणीच्या सरावचित्रांत याचा मागमूस नाही.

पाउल क्ले हा स्विस-जर्मन चित्रकार तुम्हाला माहीत असेलच. १९०२ मध्ये, म्हणजे विशीत असताना, बर्नला आईवडिलांच्या घरी त्याला स्वतःची लहानपणीची चित्रं सापडली. म्युनिकला रीतसर शिक्षण घेऊन, इटली पाहून तो नुकताच परतला होता. त्याने भावी पत्नी लिलीला पत्रात कळवलं की आजवरच्या माझ्या कामात ही सर्वांत महत्त्वाची आहेत. भावनेच्या भरात माणूस असं लिहून जातो, म्हणून मी त्यावर फार भिस्त ठेवली नसती. पण १९११ मध्ये त्याने आपल्या सगळ्या कामाची नोंदवही करायला घेतली तेव्हा बालपणीची काही निवडक चित्रं त्याने क्रमांक देऊन तिच्यात घातली. विद्यार्थिदशेतले बरेच अभ्यास मात्र बाहेर ठेवले. हिशेबाला बसलेल्या माणसाने केलेली ही निवड आहे, म्हणून ती मला पटते.

कुणी म्हणेल, पिकासोचं काय? त्याने १८९७ मध्ये, पंधराव्या वर्षी, ‘विज्ञान आणि करुणा’ हे भलंमोठं तैलचित्र काढलं. खाटेवर आजारी बाई, नाडी बघणारे डॉक्टर, कडेवर मूल घेतलेली ख्रिस्ती जोगीण. माद्रिदच्या राष्ट्रीय प्रदर्शनात त्याची दखलही घेतली गेली. हात थक्क करणारा आहे, वादच नाही. पण डॉक्टर म्हणून बसलेत ते त्याचे वडील, आणि ते स्वतः चित्रकलेचे शिक्षक. माझ्या लेखी ते चित्र म्हणजे जगातली सर्वांत उत्तम ग्रेड परीक्षा! बार्सिलोनाच्या ज्या संग्रहालयात ते आहे तिथेच त्याची शाळेतली पुस्तकंही जपली आहेत, समास चितारून भरलेली. मला निवडायला सांगितलं तर मी ती पुस्तकं उचलेन.

तेव्हा वह्यांत चांगलं काय आहे ते शोधू नका, पुन्हापुन्हा काय आलंय ते शोधा. कुणी न सांगता, मार्क नसताना, तास चालू असताना पेन कुठे जात होतं? आणि तुम्ही अ‍ॅनिमेशनवाले, म्हणून एक खास विचारते : वहीच्या कोपऱ्यात पानागणिक थोडी थोडी सरकणारी एखादी आकृती आहे का? पानं भरभर सोडून बघा.

‘तेव्हा आणि आता’च्या जोड्या मला कंटाळवाण्या वाटतात. तीस वर्षं चाललेला हात सुधारतोच, ते सिद्ध कशाला करायचं? लावायचीच असेल जोडी, तर वहीचं एखादं पान आणि तुमचं सध्याचं काम लावा. डोंगर-सूर्य भाचरांना देऊन टाका.

प्रश्न : माझी मुलगी पंधरा वर्षांची आहे. दिवसभर जपानी कार्टूनमधले चेहरे बघून-बघून काढते, स्वतःचं काहीच नाही. परवा तिने दुसरी-तिसरीतली सगळी चित्रं ‘बालिश आहेत’ म्हणून फाडायला घेतली. मी ओरडले, तिने दार लावून घेतलं. (नाशिक)

उत्तर : दोन गोष्टी आहेत, वेगवेगळ्या धरू.

नक्कल करते आहे ती करू द्या. तिच्या वयात मी रघुवीर मुळगावकरांच्या चित्रांतले चेहरे उतरवायची. दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावर पेन्सिलीने बारीक चौकोन आखायचे, कागदावर तेवढेच मोठे आखायचे आणि चौकोनामागून चौकोन पुढे सरकायचं. (अंक वाचनालयाचा असे. चौकोन खोडरबराने जातात, पण पूर्ण जात नाहीत.) मुळगावकरांच्या बायकांचे डोळे मला शेवटपर्यंत जमले नाहीत; त्या खटपटीत वरची पापणी खालच्या पापणीपेक्षा गडद असते आणि बुबुळाचा वरचा भाग तिच्याखाली झाकला जातो, हे मात्र कायमचं कळलं. तुमची लेक मोठाले डोळे काढते ना? तिला विचारा, चमक कुठल्या बाजूला ठेवतेस आणि का. उत्तर तयार असेल. ‘स्वतःचं काढ’ हे वाक्य तूर्त घरातून हद्दपार करा. पंधराव्या वर्षी स्वतःचं म्हणजे काय हे कुणाला माहीत असतं?

फाडण्याचं म्हणाल, तर चित्रं तिची आहेत. मायकेलअँजेलोने म्हातारपणी, मृत्यूच्या थोडं आधी, आपली कितीतरी रेखाटनं जाळली असं त्याचा चरित्रकार वासारी याने लिहून ठेवलं आहे. आपण किती धडपडलो हे कुणाला दिसू नये म्हणून. तो आपल्या लेकीपेक्षा थोडा मोठा चित्रकार होता, पण प्रेरणा तीच. नऊ-दहा वर्षांपर्यंत मुलं बेधडक काढतात, मग ‘खऱ्यासारखं’ दिसावं असं वाटायला लागतं आणि आधीचं सगळं खुपतं. या वळणावर पुष्कळ मुलं चित्रं काढायचं थांबतात. तुमची थांबली नाही, हे आधी बघा. तिला सरळ सांगा : ‘ही मला हवीत. माझ्या कपाटात राहतील, पाहुण्यांना दाखवणार नाही.’ लपवून ठेवू नका, तिला न विचारता व्हॉट्सअ‍ॅपवर तर मुळीच टाकू नका. आणि एक-दोन तिने फाडलीच, तर फाडू द्या.

प्रश्न : मी न्यू जर्सीत असते. माझी लहानपणीची चित्रं आई रत्नागिरीला लॅमिनेट करून घेणार आहे, म्हणजे टिकतील. करू दे ना? (वय ३८)

उत्तर : आजच फोन करा आणि थांबवा!

लॅमिनेशन उष्णतेवर होतं आणि एकदा झालं की सुटत नाही. ऑइल पेस्टल म्हणजे रंगात तेल आणि मेण. त्या उष्णतेला ते वितळून पसरतं. कोकणातल्या पावसाळ्यात कागदाचे शत्रू म्हणजे ओल, बुरशी आणि कसर. त्याला उपाय साधे आहेत. चित्रं गुंडाळू नयेत, आडवी सपाट ठेवावीत, दोन चित्रांमधे बटर पेपर घालावा. मिळाला तर आम्लमुक्त कागद उत्तम. वर्तमानपत्राची घडी मधे घालू नये. त्या कागदातलं लिग्निन, म्हणजे लाकडातून आलेलं द्रव्य, पिवळं पडत जातं आणि आम्ल शेजारच्या कागदात उतरतं. जुनी सेलोटेप असेल तर तिचा चिकट तपकिरी डाग कागदात मुरलेला असणार, ती ओढून काढू नये. पेटी माळ्यावर कौलांखाली नको आणि भिंतीला चिकटून नको. पावसाळा सरला की एकदा उघडून सावलीत वारा द्यावा. उन्हात नको. स्केचपेनचा रंग उन्हाने उडतो, आणि उडाला की परत येत नाही. स्कॅन करून घ्याच, पण स्कॅन झालं म्हणून मूळ टाकून देऊ नका.

आईंना एक काम मात्र जरूर सांगा. प्रत्येक चित्रामागे मऊ पेन्सिलीने साल, वय आणि काय काढलंय ते लिहायला. ड्यूरर या जर्मन चित्रकाराने तेराव्या वर्षी आरशात बघून स्वतःचं चित्र काढलं, चांदीच्या टोकाच्या लेखणीने, म्हणजे रेघ खोडायची सोयच नाही. व्हिएन्नाच्या अल्बर्टिना संग्रहालयात ते आहे. पुढे कधीतरी त्याने स्वतःच त्याच्यावर लिहून ठेवलं की हे मी १४८४ मध्ये, अजून लहान असताना, आरशात बघून माझंच काढलं. त्या दोन ओळींमुळे आज आपल्याला साल कळतं. तुमच्या चित्रातला तो निळा प्राणी गाय आहे की शेजाऱ्यांचा कुत्रा, हे सांगू शकेल असं माणूस जगात एकच आहे आणि तेही रत्नागिरीला. फोन करालच, तेव्हा चित्रं समोर ठेवून बोला आणि त्या सांगतील ते लिहून घ्या.

प्रश्न : मी बारावीनंतर कला महाविद्यालयात जाणार आहे. पोर्टफोलिओत लहानपणीची चित्रं घालावीत का? एक सर म्हणतात घाल, दुसरे म्हणतात हसतील. (वय १७, लातूर)

उत्तर : एखादं घाल, तेही त्याचा तुझ्या आजच्या कामाशी धागा असेल तरच. ‘मी पाच वर्षांचा असल्यापासून काढतो’ हे सांगायला घालू नकोस, तसं सगळेच असतात. तू आठव्या वर्षी बैलांचे खूर काढत होतास आणि आजही बैलपोळ्याची रेखाटनं करतोस, असं काही असेल तर दोन्ही समोरासमोरच्या पानांवर लाव आणि खाली फक्त साल लिही. बाकी बोलायचं ते मुलाखतीत बोलता येईल.

हसण्याचं भय बाळगू नकोस. आर. के. लक्ष्मण म्हैसूरला लहानपणी घरातल्या जमिनी, भिंती, दारं चितारायचे, आणि कावळे तर तेव्हापासूनच काढायचे. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये त्यांनी अर्ज केला तो नाकारला गेला. पुढे त्याच मुंबईत बसून त्यांनी उभी हयात व्यंगचित्रं काढली, आणि कावळे काही सुटले नाहीत. पेन्सिल, शाई, रंग, सगळ्यांत कावळे.

आणि मुलाखतीला जाताना लहानपणचा मूळ कागद घेऊन जाऊ नकोस. रंगीत झेरॉक्स ने. रांगेत, पावसात, एसटीच्या गर्दीत फाइल कुठे चेपेल सांगता येत नाही.