पहिल्यांदाच व्हिएतनामला जाताना काय तयारी करावी?

तुम्ही लिहिलंय की खानापूर तालुक्यातून आई-वडिलांना घेऊन पहिल्यांदाच देशाबाहेर निघालाय, आणि घरातले म्हणतात, ‘तयारी कसली करायची, आपली माणसं कुठं कुठं जाऊन राहिली, जाऊन बघू की.’ पैशांचं, खाण्याचं पुढं सांगतो. मी लिहायला बसलोय ते या वाक्यामुळं. माझा थोरला भाऊ हे वाक्य गेली पंचवीस वर्षं बोलतोय, आणि ते खोटं आहे.

आम्ही विट्याजवळचे, घर गलाईवाल्याचं. वडील १९७४ साली मिरजेहून गाडीत बसले आणि सेलमला जाऊन सोनं-चांदी गाळायला लागले. दादा प्रत्येक लग्नात सांगतो की बाबा एक मूस आणि एक सांडशी घेऊन गेले, भाषेचा गंध नव्हता, कुठं अडलं? पण बाबांची वही माझ्याकडं आहे. शर्टाच्या खिशात मावेल एवढी, निळ्या पुठ्ठ्याची, तेजाबाच्या थेंबानं एक कोपरा खाल्लेला. पहिल्या पानावर आधी जाऊन आलेल्या गावकऱ्याला विचारून शिसपेन्सिलीनं लिहिलंय: ओण्णु, रेंडु, मूणु, नालु. खाली तंगम म्हणजे सोनं, वेळ्ळि म्हणजे चांदी, तण्णी म्हणजे पाणी. शेवटच्या पानावर ज्या दुकानात उतरायचं त्याचा पत्ता दुसऱ्या कुणाच्या हातचा, तमिळ अक्षरांत, म्हणजे वाटेत कुणालाही नुसतं पान दाखवायचं. सातवी शिकलेला माणूस एवढी तयारी करून गेला होता. आपली माणसं ‘जाऊन बघू’ म्हणून गेली नाहीत हो. ती विचारून, लिहून घेऊन गेली.

आता आमचं काय झालं ते ऐका. २०२४ च्या मार्चमध्ये आई, मी, बायको, दादा आणि वहिनी असे पाच जण निघालो. आईचा आणि आमच्या दोघांचा ई-व्हिसा मी भरला, दादानं त्याचा आणि वहिनीचा मोबाइलवर भरला. स्वतःच्या नावात त्यानं बाबांचं नाव घातलं. वहिनीच्या नावात मात्र मधलं नाव, म्हणजे स्वतःचंच नाव, गाळलं. मी दोनदा म्हटलं, मला एकदा दाखव. ‘एवढ्यानं काय हुतंय?’ म्हणाला.

मुंबईला रात्री काउंटरवरच्या मुलीनं वहिनीचा पासपोर्ट आणि व्हिसाचा कागद शेजारी शेजारी ठेवला, बोट ठेवून अक्षरं वाचली आणि मान हलवली. पासपोर्टात दोन नावं आणि आडनाव, व्हिसात एक नाव आणि आडनाव. या व्हिसावर बसवता येणार नाही म्हणाली. दादा तासभर भांडला. वहिनी काही बोलली नाही. तिनं बॅगेची चेन उघडली, शेंगदाण्याच्या पोळ्यांचा डबा काढला आणि आईच्या पिशवीत ठेवला. ‘तुम्ही जावा, आत्यांना सांभाळा,’ एवढंच. ती आणि दादा चार दिवसांनी नवा व्हिसा, नवं तिकीट काढून आली. व्हिएतनाममधल्या होई आन या जुन्या गावात पौर्णिमेच्या आदल्या रात्री दुकानांचे दिवे मालवून गावभर कंदील लावतात, तेच बघायचं म्हणून वहिनी वर्षभर बोलत होती. ते तिचं हुकलं. दादा अजून त्या मुलीलाच दोष देतो. तिची काहीही चूक नव्हती.

तेव्हा पासपोर्टची मुदत वगैरे तुम्ही बघालच, पण नावाचं डोक्यात ठेवा. आपल्याकडं बहुतेकांच्या पासपोर्टात आडनाव एका रकान्यात आणि स्वतःचं नाव अधिक वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव दुसऱ्या रकान्यात असतं. फोटोच्या पानावर अगदी खाली बाणांसारख्या खुणांच्या दोन ओळी असतात. त्यातल्या वरच्या ओळीत आधी आडनाव, मग बाकीचं नाव असतं. ते जसंच्या तसं भरा. आधारवर काय आहे, लोक काय म्हणतात, याचा इथं संबंध नाही. तिकिटावरही तेच. व्हिएतनामच्या सरकारी साइटवरच भरा. एकदा जायच्या व्हिसाची फी २५ डॉलर आहे आणि नाव चुकलं तर ती परत मिळत नाही. ऑगस्ट २०२३ पासून हा व्हिसा ९० दिवसांपर्यंतचा मिळतो. तीन कामाच्या दिवसांत येतो म्हणतात, तरी तीन आठवडे आधी भरा, आणि जानेवारी-फेब्रुवारीत त्यांचं तेत म्हणजे नववर्ष असेल तर आणखी आधी, कारण तेव्हा कचेऱ्या बंद असतात.

खाण्याचं: आई-वडील शाकाहारी असतील तर ‘चाय’ हा शब्द लिहून घ्या, तिकडच्या लिपीत. तो शाकाहारासाठी आहे. नुसतं ‘मटण नको’ म्हटलं तर भाजीतही माशाचा रस पडतो. तिकडचे बरेच बौद्ध लोक चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी शाकाहार करतात, आपल्या एकादशीसारखं, त्यामुळं त्या दिवशी सोपं जातं. दशम्या, चटणी न्या, लाजू नका.

पैशांचं एकच: वीस हजार डाँगची नोट आणि पाच लाखांची नोट, दोन्ही निळ्या. पहिली साठ-सत्तर रुपयांची, दुसरी दीड हजाराच्या वरची. वेगवेगळ्या खिशात ठेवा.

आणि होई आनपर्यंत गेलात तर जवळच ‘मी सोन’ नावाची जागा आहे, तिथं जाच. तिकडच्या जुन्या चाम राजांनी चौथ्या शतकापासून बांधलेली शिवमंदिरं आहेत, १९६९ च्या अमेरिकन बॉम्बहल्ल्यात बरीच पडली. आपल्या पुरातत्त्व खात्याची माणसं तिथं दुरुस्तीला होती, २०२० साली काम करताना त्यांना अखंड दगडाचं शिवलिंग सापडलं. आईनं तिथं चपला काढल्या आणि हात जोडून उभी राहिली, मला हलवेना. वडीलधाऱ्यांना सकाळी लवकर न्या, ऊन फार लागतं.

हे सगळं आमच्या वेळचं आहे, फी आणि नियम बदलतात, निघण्याआधी परत बघून घ्या. मधलं नाव नसताना सुटलेलेही माझ्या ओळखीत आहेत. पण आई-वडील सोबत असताना तो धोका घेऊ नका.

वहिनीचा पुढच्या प्रवासाचा फॉर्म तिनं स्वतः भरला. मी शेजारी बसून पासपोर्टातलं एकेक अक्षर वाचत होतो, ती टाइप करत होती. तुमच्या आईंचा भराल तेव्हा त्यांना शेजारी बसवा आणि शेवटी त्यांच्याकडूनच वाचून घ्या.