पट्टा शेवटपर्यंत ओढून बघा

प्रश्न : मी मनीषनगरला राहते, कॉलेजात शिकवते. रोजचं जाणं-येणं बावीस किलोमीटर, शिवाय महिन्यातून दोनदा आईकडे अमरावतीला. एकदा तरी चांगली गाडी चालवायची अशी फार दिवसांची इच्छा आहे. धरमपेठेतल्या एका एजंटकडे २०१७ ची ऑडी ए३ सेडान आहे. डिझेल, पांढरी, एमएच-३१, दुसरा मालक, रीडिंग ४६ हजार. साडेबारा लाख सांगतो. ‘मॅडम, शोरूमसारखी आहे’ म्हणतो. आमचे मिस्टर म्हणतात, त्यापेक्षा कमी पैशात नवी डिझायर घे आणि सुखाने झोप. काय करू?
– एक वाचक, मनीषनगर

उत्तर : ताई, मिस्टरांशी भांडू नका, ते काही चुकीचं बोलत नाहीयेत. पण तुम्ही विचारलंय ऑडीचं, तर डिझायरचं काय ते घरात मिटवा.

आधी बरी बातमी. याच ए३ ची पेट्रोल सात गिअरची येते आणि तिचा क्लच कोरडा असतो. मे महिन्यात ४५ डिग्रीत व्हरायटी चौकातून दोन-दोन फूट सरकत जायचं, तर तो क्लच भाजून निघतो. दुरुस्तीचं बिल बघून माणूसही. तुमच्या डिझेलला सहा गिअर आहेत, क्लच तेलात बुडालेला आहे, उष्णता तेल ओढून घेतं. पथ्य एकच, ते तेल साठ हजार किलोमीटरला बदलायचं. रीडिंग खरं असेल तर हा खर्च तुमच्या वाट्याला येणार आहे. खोटं असेल तर तो कधीच व्हायला हवा होता. अमरावतीच्या फेऱ्या बघता डिझेल तुम्हाला सोयीचंच.

मला खुपतंय ते वेगळंच. गाडी नागपूरची आणि विकायला धरमपेठेत. २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट आठवते नं? अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी घराघरांत शिरली, मोरभवन बसस्थानकातल्या एसट्या पाण्यात उभ्या होत्या. मी एकतीस वर्षं मोटार विम्याचा सर्व्हेअर होतो, तेव्हा नुकताच निवृत्त झालो होतो. साळ्याच्या अपार्टमेंटचं पार्किंग अर्धं जमिनीखाली. पाणी ओसरल्यावर गेलो, तर सहाही गाड्यांच्या काचांवर एकाच उंचीला गाळाची रेघ, पट्टी लावून आखल्यासारखी.

त्यातली एक सेडान मला पाच महिन्यांनी वर्धा रोडला एका दुकानापुढे दिसली. मागच्या काचेवर कुण्या शाळेचं स्टिकर खरवडल्याची खूण होती, त्यावरून ओळखली. दार उघडलं तर मोगऱ्याचा असा घमघमाट, की वाटावं आत्ताच वरात उतरली. सीट लख्ख, मॅट नवीन. मी ड्रायव्हरच्या सीटचा पट्टा ओढला. रोज बांधताना येतो तेवढा स्वच्छ होता. मी ओढतच राहिलो. रिळात गुंडाळलेला शेवटचा हातभर पट्टा बाहेर आला तेव्हा त्याच्यावर पिवळट कड होती. नखाने खरवडली तर माती निघाली. दुकानदार म्हणाला, ‘काका, पोट्ट्यांनी कॉफी सांडवली असंल.’ रिळात कॉफी कशी शिरली बाप्पा, ते काही त्याला सांगता आलं नाही.

तर तुम्ही पाचही पट्टे शेवटपर्यंत ओढा. मग मोबाइलचा टॉर्च लावून पुढच्या सीटखाली बघा. तिथे पिवळ्या रंगाचा सॉकेट असतो, तो एअरबॅगचा. त्याच्या पिना हिरवट पडल्या असतील, सीटच्या पटऱ्या आतून गंजल्या असतील, तर साडेबारा काय, सहा लाखांतही नको. पाण्यात गेलेल्या गाडीचं इंजिन सुधारतं. वायरिंग दोन वर्षांनी रडवतं, आणि तेही रात्री, अमरावतीच्या वाटेवर तळेगावच्या पुढे.

कागदातही पाणी दिसतं. एजंटकडे मागच्या तीन-चार वर्षांच्या विमा पॉलिसी मागा आणि त्यावर ‘नो क्लेम बोनस’चा आकडा शोधा. वर्षभर क्लेम नसेल तर २० टक्के, मग २५, ३५, ४५, आणि शेवटी ५०. २०२३ चा सप्टेंबर गेल्यावर हा आकडा शून्यावर आला असेल, तर त्या वर्षी क्लेम घेतलाय. मात्र गाडी दुसऱ्याच्या नावावर झाली की बोनस जुन्या मालकाकडेच राहतो, तेव्हाही शून्यच दिसतो. म्हणून नाव कधी बदललं ती तारीख बघून मगच शंका घ्या. तुमच्या बाबतीतही तेच होणार. एजंट सांगेल तो प्रीमियम बोनस धरून असेल, तुम्हाला पूर्ण भरावा लागेल. आणि पॉलिसी चौदा दिवसांत नावावर करून घ्या. तेवढं राहिलं म्हणून स्वतःच्या गाडीचा क्लेम बुडालेले लोक मी पाहिलेत.

रीडिंगसाठी चेसिस नंबर घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जा. मालकाच्या संमतीशिवाय ते काही दाखवत नसतील, तर मालकाला सोबत न्या. मालक यायला कुरकुर करत असेल तर उत्तर तिथेच मिळालं.

गाडी बघायला दोनदा जा. एकदा सकाळी, इंजिन थंड असताना. आधीच सुरू करून ठेवली असेल तर चहा पिऊन परत या. दुसऱ्यांदा दुपारी दोनला, एसी लावून, सीताबर्डीच्या गर्दीतून. सौदा अकरा लाखांच्या आत बसवा आणि दीड लाख वेगळे ठेवा. गाडी जुनी झाली म्हणून तिचे पार्ट स्वस्त होत नाहीत, आणि ए३ तर आता कंपनी इथे विकतही नाही.

प्रश्न : दिल्लीहून बीएमडब्ल्यू ३ सिरीज डिझेल, २०१५ ची, इथल्यापेक्षा दोन-अडीच लाखांनी स्वस्त मिळतेय. आणू का?
– एक वाचक, हिंगणा

उत्तर : भाऊ, तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंधनं आलीत, म्हणून ती स्वस्त आहे. तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, हातात पडल्याशिवाय टोकनचा रुपयाही देऊ नका. बँकेचं कर्ज आरसीवर चढलेलं असेल तर ते आधी उतरवून घ्या. इथे नवीन नंबर घेताना रोड टॅक्स परत भरावा लागेल, त्याचा आकडा आरटीओत विचारूनच फायद्याचा हिशोब मांडा. आणखी एक, या गाडीला बहुतेक वेळा स्टेपनीच नसते, टायर रनफ्लॅट असतात, म्हणजे पंक्चर झाल्यावरही थोडं अंतर चालणारे. दिल्ली ते नागपूर हजार किलोमीटरच्या वर रस्ता आहे. चालवत आणणार असाल तर निघण्याआधी चारही टायरवरचा चार आकडी नंबर वाचा, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. सहा वर्षांपेक्षा जुने निघाले तर ट्रेलरवर टाकून आणा.