हार्ड डिस्क कुलपात ठेवून करिअर ठरत नाही

(ठाण्याच्या एका वडिलांचं पत्र. मुलगी २२ वर्षांची, मास मीडियाची पदवी झालेली. गेलं वर्षभर चेंदणी कोळीवाड्यातल्या मासळी विकणाऱ्या बायकांवर ती माहितीपट करते आहे. वडिलांची इच्छा बँकेच्या परीक्षांची. ते लिहितात : 'परीक्षा होईपर्यंत तिची हार्ड डिस्क मी कपाटात कुलूप लावून ठेवली आहे. ऑस्कर मिळणारे दोन-चार, बाकीचे सगळे उपाशी. तुम्ही तिला चार शब्द सांगा.')

चार शब्द सांगतो, पण ते तुम्हाला.

तिचे टक्के, वय, बँकेच्या जागा हे सगळं वाचून मी पुढे गेलो आणि कुलपापाशी अडलो. सज्ञान मुलीचं वर्षभराचं काम तुम्ही ताब्यात घेतलं आहे आणि त्याला तिच्या भल्याचं नाव दिलं आहे. वागळे इस्टेटमध्ये तीस वर्षं नोकरी केली, असं तुम्ही लिहिता. तिथे साहेबानं तुमच्या टेबलाचा खण असा बंद करून किल्ली खिशात टाकली असती तर तुम्ही काय केलं असतंत?

शिवाय त्या डिस्कमध्ये आहे ते सगळं तुमच्या मुलीचंही नाही. त्यात दुसऱ्यांचे चेहरे आहेत, दुसऱ्यांची घरं आहेत, कॅमेऱ्यासमोर विश्वासानं बोललेल्या गोष्टी आहेत. आणि तुम्हीच वैतागून लिहिलंय की, 'त्या बायका आता घरी फोन करून विचारतात, पोर का येईना झाली.' तुम्ही तक्रार म्हणून लिहिलेलं हे वाक्य मला अख्ख्या पत्रात तिच्या बाजूचं सगळ्यात भक्कम वाटलं. कॅमेरा भाड्यानं मिळतो, संकलक शोधता येतो. कोळीवाड्यातल्या बाईनं आपणहून फोन करावा, हे पैसे टाकून मिळत नाही. या क्षेत्रात धडपडणाऱ्या कितीतरी मुलांना ते वर्षानुवर्षं जमत नाही.

एक अगदी साधी गोष्ट. त्या डिस्कची दुसरी प्रत आहे का, हे तरी तिला विचारलंत? नसेल तर आजच काढू द्या आणि ती दुसऱ्या कुणाच्या घरी ठेवा. डिस्क बंद पडते तेव्हा सांगून पडत नाही.

आता तुमचं 'ऑस्कर नाहीतर उपाशी'. २०२३ मध्ये 'द एलिफंट व्हिस्परर्स' या भारतीय माहितीपटाला ऑस्कर मिळालं तेव्हापासून पालकांच्या पत्रांत हे फार येतं. यातला मूळ गैरसमज असा, की माहितीपट करणारा माणूस माहितीपटाच्या कमाईवर जगतो. स्वतंत्रपणे काम करणारे बहुतेक जण तसे जगत नाहीत. ते जगतात ते त्याच कौशल्याच्या इतर कामांवर : स्वयंसेवी संस्थांसाठी फिल्म, रुग्णालयासाठी प्रशिक्षणाचे व्हिडिओ, दुसऱ्यांच्या फिल्मचं संकलन, रोजावर कॅमेरा, महाविद्यालयात तासिका. लग्नाचं शूटिंगसुद्धा, आणि त्यात कमीपणा नाही. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या बऱ्याच कंपन्यांनाही आपल्या सामाजिक कामाच्या फिल्म लागतात; ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के अशा कामावर खर्च करणं २०१४ पासून कायद्यानं आलं आहे. स्वतःची फिल्म या सगळ्याच्या बाजूनं, कधी दोन, कधी दहा वर्षं चालते. घाटकोपरच्या रमाबाई नगरात १९९७ मध्ये गोळीबार झाला आणि त्यातून सुरू झालेला आनंद पटवर्धनांचा 'जय भीम कॉम्रेड' पुरा झाला २०११ मध्ये. चौदा वर्षं! म्हणजे पैसा अनियमित आणि वेळ प्रचंड. भीती वाटायचीच असेल तर याची वाटू द्या, ती रास्त आहे.

मोठ्या फिल्मसाठी अनुदानं असतात. ॲम्स्टरडॅमच्या माहितीपट महोत्सवाचा बर्था फंड आपल्यासारख्या देशांतल्या दिग्दर्शकांसाठीच आहे. अशा ठिकाणी अर्ज करताना प्रस्ताव आणि अंदाजपत्रकाबरोबर चित्रीकरणाचा नमुना मागतात. तो तुमच्या कपाटात आहे.

तुमच्या-माझ्या पिढीनं माहितीपट पाहिला तो थिएटरात, मुख्य सिनेमाआधी, फिल्म्स डिव्हिजनचा. निम्मे लोक तेव्हा बाहेर वडा खात असायचे. ते १९४८ चं सरकारी खातं २०२२ मध्ये एनएफडीसीत, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात, विलीन झालं. सरकारी पगारावर माहितीपट करू, या भरवशावर तिनं राहू नये. शिकायचंच असेल तर पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट (एफटीआयआय), कोलकात्याची सत्यजित राय संस्था, दिल्लीचं जामिया विद्यापीठ, देवनारची टाटा सामाजिक विज्ञान संस्था (टिस). प्रवेशाच्या तारखा तिला माझ्याआधी ठाऊक असतील.

मुलीनं मला काही विचारलेलं नाही, तरी हे तिला वाचायला द्या. वर्षभर नुसतं चित्रीकरण चालू आहे, हे मला खटकतं. शूटिंगला जात राहणं सोपं असतं, कारण कापायला बसलं की आपल्याकडे काय नाही ते दिसतं. तिनं दहा मिनिटांचा तुकडा संकलित करावा आणि तो आधी त्या बायकांना दाखवावा. जे कुणी बोललंय त्यांची लेखी संमती घ्यावी. जाहीर प्रदर्शनासाठी माहितीपटालाही सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं, हे लक्षात ठेवावं. आवाजाचं काम नीट शिकावं. चित्र एक वेळ हललं तर चालतं, बोलणं ऐकू आलं नाही तर फिल्म गेली. बाहेरचं काम करारावर आणि आगाऊ रक्कम घेऊनच करावं, दर वर्षी विवरणपत्र भरावं, म्हणजे कापलेला टीडीएस बुडणार नाही. आणि ठाण्यात घरभाडं न देता राहायला मिळतंय, ही फार मोठी मदत आहे. महिन्याला ठरावीक रक्कम, थोडी का होईना, तिनं घरात द्यायला लागावं.

बँकेच्या परीक्षेला माझा विरोध नाही. तिला द्यायची असेल तर ती अभ्यास करेल. पण 'नोकरी सांभाळून सुट्टीच्या दिवशी फिल्म कर' हा तुमचा तोडगा या फिल्मला तरी लागू पडत नाही, कारण मासळीचा व्यवहार पहाटे चालतो, भरती-ओहोटीच्या वेळा रोज सरकतात, आणि रविवारी या बायकांना धंद्यातून मान वर काढायला फुरसत नसते.

पत्राच्या शेवटी तुम्ही स्थळांचं विचारलं आहे, 'फिल्मवाली म्हटल्यावर कोण करणार?' त्याचं उत्तर मी देणार नाही. तिनं लग्न करायचं ठरवलंय असं पत्रात कुठेच नाही.