हुमणी: दुप्पट औषधाने मरत नाही, वळवाच्या पावसात आवरते

प्रश्न: माळाच्या रानातला ऊस सप्टेंबरात जागोजागी वाळतोय. बेट ओढलं की मुळासकट हातात येतं, खाली पांढऱ्या अळ्या. दुकानदार दुप्पट मात्रेची आळवणी (औषधाचं पाणी मुळाशी ओतणं) सांगतो. करू का?

उत्तर: नको. ही हुमणी, म्हणजे उसाची मुळं खाणारी भुंगेऱ्याची अळी. आता दिसते ती तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या अवस्थेतली. ती मोठी आणि चिवट असते, शिवाय भरलेल्या उसात औषध मुळापर्यंत पोचतच नाही. मात्रा दुप्पट केली तर दुकानदाराचं बिल दुप्पट होतं, हुमणी तशीच राहते. वाळलेली बेटं खणून अळ्या वेचा आणि रॉकेलच्या पाण्यात टाका. या घडीला यापेक्षा खात्रीचं काही नाही.

हिची वर्षाला एकच पिढी होते, म्हणून वेळ चुकली की वर्ष गेलं. एप्रिल ते जूनमध्ये वळवाचा चांगला पाऊस झाला की त्याच संध्याकाळी भुंगेरे जमिनीतून निघतात, कडुलिंब-बाभळीवर जमतात, पाला खातात, तिथेच मिलन होतं आणि पहाटे परत मातीत शिरतात. पुढे मादी ओलसर मातीत सुटी सुटी साधारण 60 अंडी घालते. म्हणजे अंडी घालण्याआधी धरलेली एक मादी म्हणजे 60 अळ्या कमी. अळी मुळांवर वाढते, मग खोल जाऊन कोषात जाते. त्यातून निघालेला भुंगेरा पुढच्या पावसापर्यंत मातीतच पडून राहतो.

तेव्हा पहिल्या पावसापासून रोज संध्याकाळी साडेसातनंतर फांद्या हलवा, खाली पडलेले भुंगेरे गोळा करून रॉकेलच्या पाण्यात टाका. सगळ्या शिवाराने मिळून करा. एकट्याने केलंत तर शेजारच्या बांधावरचे भुंगेरे तुमच्याच रानात अंडी घालणार. नदीकाठच्या हुमणीचे भुंगेरे मात्र पाला खात नाहीत, तिथे झाडाखाली थांबू नका.

जून-जुलैत, अळ्या लहान असताना, मेटारायझियम (अळ्यांना मारणारी बुरशी) हेक्टरी 20 किलो कुजलेल्या शेणखतात मिसळून ओलीवर मुळाशी द्या. कोरड्या मातीत बुरशी वाढत नाही. त्यासोबत बुरशीनाशक देऊ नका. दुकानदार 'दोन्ही एकत्र चालतं' म्हणाला तरी नाही.

रासायनिक लागलंच तर फिप्रोनिल 40 टक्के अधिक इमिडाक्लोप्रिड 40 टक्के, एकरी 200 ग्रॅम, 400 ते 500 लिटर पाण्यातून, तेही जुलैपर्यंतच आणि वाफशावर, म्हणजे माती ओलसर पण चिखल नसताना. फोरेटवर 2020 अखेरपासून बंदी आहे. कोणी मागच्या दाराने दिलं तरी घेऊ नका.

भुंगेरे दिव्याकडे ओढून पकडणाऱ्या प्रकाश सापळ्याच्या अनुदानाचं कृषी सहायकाला विचारा.